गंगाधरपंतांच्या पानिपतात आमचा पत्ता काय?

विज्ञानकथा म्हटलं की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. पोट भरल्यावर ढेकर देत वाचायचं साहित्य असा त्याच्यावर शिक्का आहे, आणि तो शिक्का काही आपण उगाच मारलेला नाही. अत्याचाराच्या केसमध्ये तालुक्याच्या पोलीस ठाण्यात रात्र काढून आलेल्या पोराला मंगळावरच्या यानाची गोष्ट वाच म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. धुळ्याचा एक तरुण सहकारी तर मला तोंडावरच म्हणाला, "ताई, यामा आपलं काय शे?"

प्रश्न रास्त आहे. पण तो नीट विचारला पाहिजे, म्हणजे पुस्तकं वाचून विचारला पाहिजे. गेली दोन-तीन वर्षं मी हाताला लागतील तशी विज्ञानकथेची आणि अद्भुतकथेची पुस्तकं वाचते आहे. काही जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांतून, काही उसनी, काही इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर ठेवून. त्यांच्याविषयी जे वाटलं ते लिहिते. समीक्षकाचा आव नाही. बाजू मात्र आहे, आणि ती लपवायचं कारण नाही.

आपल्या साहित्याने भूतकाळ लिहिला. 'बलुतं' १९७८ चं, 'उपरा' १९८० चं, 'अक्करमाशी' १९८४ चं. आमचा इतिहास कुणी लिहिलाच नव्हता, म्हणून आधी तो लिहिणं भाग होतं. पण उद्याचं काय? उद्याचा सातबारा कुणाच्या नावावर चढतो आहे हे आपण बघितलंय का? अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत दोन संमेलनं एकाच वेळी भरली होती, एक अखिल भारतीय आणि एक विद्रोही. विद्रोहीच्या मांडवात भूतकाळाचा हिशेब चोख मांडला जात होता. पण शाळा-कॉलेजातली पोरं जी जाडजूड पुस्तकं एका दमात वाचून काढतात, त्यांत शंकर आहे, राम आहे, रावण आहे, नाग आहेत, सोमरस आहे. म्हणजे भविष्याच्या जागी पुन्हा पुराणच बसवलेलं. ह्या वाचनाकडे आपण दुर्लक्ष करतो आणि मग पोरं तिकडे कशी गेली म्हणून कपाळ बडवतो.

आता मराठी विज्ञानकथेचं बघू. तिचं नाव घेतलं की जयंत नारळीकरांचं नाव येतंच. २० मे २०२५ ला ते गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने. आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव. नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून नाव बदललं, ही गोष्ट मला फार आवडते. (नाव बदलल्याशिवाय भाड्याची खोली मिळत नाही म्हणून आमच्यात नावं बदलली जातात. तो प्रकार निराळा.) माणूस नुसता शास्त्रज्ञ नव्हता, विवेकवादी होता. २००८ साली त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना बरोबर घेऊन ज्योतिषांची जाहीर परीक्षा घेतली होती. पत्रिका देऊन मूल हुशार की मतिमंद ते ओळखायला सांगितलं, आणि ज्योतिषांच्या बरोबर उत्तरांची सरासरी नाणं उडवून येईल तेवढीसुद्धा भरली नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते एका चांगल्या माणसाच्या चांगल्या कथेविषयी आहे, हे ध्यानात ठेवावं. वाईट कथेवर एवढी शाई कोण खर्च करतो!

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही ती कथा. एनसीईआरटीने अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' नावाने ती घेतली, म्हणजे देशभरच्या पोरांनी वाचली. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, ह्या विचारात असताना त्यांना अपघात होतो आणि ते अशा जगात जाऊन पडतात जिथे मराठे खरोखरच जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली, एवढाच फरक. तेवढ्यावरून सगळं बदललं. कंपनी सरकार मुंबई-कलकत्ता-मद्रासच्या टापूत कोंडलं गेलं. दिल्लीचा बादशहा नावापुरता शिक्का मारायला राहिला. पुण्याच्या पेशव्यांनी युरोपातलं यंत्रयुग वेळीच ओळखून स्वतःची विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रं काढली. विसाव्या शतकात पेशवाई आपोआप मागे सरून लोकशाही आली. देश कधी गुलाम झालाच नाही.

वाचताना मजा येते, नाही म्हणत नाही. पण मी दर पानाला एकच गोष्ट शोधत होते. ह्या जगात महारवाडा कुठे आहे?

नाही. महारवाडा नाही, मांगवाडा नाही, गाव नाही, पाणवठा नाही. आगगाडी आहे, मुंबईचं टर्मिनस आहे, टाउन हॉलमधलं ग्रंथालय आहे, आझाद मैदानावरची सभा आहे. त्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते म्हणून गंगाधरपंत अस्वस्थ होतात आणि जाऊन तिच्यात बसतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांना कंटाळून अध्यक्षाची प्रथाच मोडलेली. मग पंतांवर टोमॅटो-अंडी पडतात. विनोद झकास आहे. पण बघा, लेखकाला ह्या नव्या इतिहासात अध्यक्षाची प्रथा मोडावीशी वाटली. दुसरी कुठली प्रथा मोडली किंवा राहिली, हे सांगावंसंसुद्धा वाटलं नाही. मुद्दाम गाळली असती तरी परवडलं असतं. ती आठवलीच नाही, हे जास्त झोंबतं.

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधत, थुंकी रस्त्यावर पडू नये आणि पाऊल उमटलेलं पुसलं जावं म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हे नोंदवलं आहे. ती पेशवाई १८१८ ला गेली. कोरेगावची लढाई त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी झाली, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापुढे जाऊन उभे राहिले. आता गंगाधरपंतांच्या जगात पेशवाई १८१८ ला जात नाही. ती विज्ञानकेंद्रं काढते. त्या केंद्रांत शिकायला कोण बसलं असतं? आपल्या खऱ्या इतिहासात, कंपनीच्या राज्यातसुद्धा, १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाला सरकारी शाळेत घेतलं गेलं नव्हतं, कारण बाकीचे लोक मुलं काढून घेतील. मग पेशव्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात त्याला कुणी उभं केलं असतं? प्रयोगशाळा झाडायला घेतलं असतं. तेही मडकं बांधून.

आणि पुढे चला. फौजेत रामजी सुभेदार नाहीत. महूची छावणी नाही. १४ एप्रिल १८९१ ही तारीख नुसती कॅलेंडरवरची तारीख. कथेत गंगाधरपंत आपल्या मुलाला शोधायला फोर्ब्सच्या कचेरीत जातात आणि त्या नावाचा माणूस तिथे नसतो. त्यांना त्या जगात मुलगा सापडत नाही. आम्हाला बाप सापडला नसता.

ह्यावरून कुणी मला इंग्रजांची भाट म्हणू नये. इंग्रजांनी आमच्यासाठी राज्य केलं नाही. महारांची फौजभरती त्यांनीच १८९० च्या दशकात बंद केली. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी तोंडावर विचारलं होतं की आम्हाला विहीर बंद होती ती तुमच्या राज्यात उघडली का, देऊळ उघडलं का. मुद्दा इंग्रज बरे की पेशवे बरे हा नाहीच. मुद्दा असा की 'असं झालं असतं तर' हा खेळ कुणीही खेळला तरी पटावर सोंगट्या कुणाच्या ठेवतो ते बघावं लागतं. ह्या खेळाची साधनं आपल्या दाराशीच आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड छापला तो ह्याच पानिपताच्या काळाचा, आणि त्यांचे कागद धुळ्यात त्यांच्या नावाच्या मंडळात आहेत. एखाद्या आपल्या पोराने तिथे बसून दुसरं पानिपत लिहावं. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून जाऊ द्यावी, आणि मग गोष्ट पुण्यात न नेता पुण्याच्या वेशीबाहेर न्यावी.

बाकीच्या मराठी विज्ञानकथेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ह्यांनी मेहनतीने काम केलं, विज्ञान घरात आणलं. पण ते घर बहुतेक वेळा एकाच आळीतलं राहिलं. दिवाणखाना, संस्थेची प्रयोगशाळा, डॉक्टरसाहेब, आणि चहा आणून देणारा गडी, ज्याला आडनाव नसतं. नारायण धारपांच्या भयकथा मी शाळेत असताना अधाशासारख्या वाचल्या, अजूनही रात्री एकटी असले तर वाचत नाही. पण त्यांच्या वाड्यातलं भूत वाड्यातच राहतं. आमच्या वस्तीला भुतापेक्षा वाड्याची भीती, हे त्या गोष्टींना ठाऊक नसतं.

आता ज्या पुस्तकांनी आपली पोरं पळवली त्यांच्याकडे येते. अमीशची शिवत्रयी. पहिलं इंग्रजी पुस्तक २०१० चं. मराठीत 'मेलुहाचे मृत्युंजय' म्हणून आलं आणि वाचनालयांत झिजून झिजून त्याची पानं सुटली. पुस्तक गुंगवतं, हे आधी मान्य करू. तिबेटातला चिलीम ओढणारा शिवा, सोपी भाषा, लढाया. ज्या पोराने कधी पुस्तक उघडलं नाही तेही वाचतं. आणि म्हणूनच त्यात काय भरलंय ते तपासलं पाहिजे.

मेलुहाचं राज्य आदर्श. तिथे जात आहे, पण 'जन्माने' नाही! रामाने घालून दिलेली 'मैका' पद्धत अशी: प्रत्येक मूल जन्मताच सरकारजमा. सगळी मुलं एका नगरात सारखी वाढतात. पंधराव्या वर्षी परीक्षा. निकालावर ठरतं हा ब्राह्मण, हा क्षत्रिय, हा वैश्य, हा शूद्र. मग त्या त्या वर्णाच्या आईबापाला मूल दत्तक. दंडावर पट्टा, ब्राह्मणाला पांढरा, क्षत्रियाला तांबडा, वैश्याला हिरवा, शूद्राला काळा.

आपल्याच एका हुशार मुलीने मला विचारलं, "मॅडम, ह्यात वाईट काय? सगळ्यांना सारखी संधी आहे ना?" तिने विचारलं ते बरं झालं. हा सापळा नव्वद वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी उघडून दाखवलाय. गुणकर्मावर आधारलेलं चातुर्वर्ण्य हवं म्हणणाऱ्या आर्यसमाजी सुधारकांना त्यांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्येच विचारलं की गुणानेच माणसाची किंमत ठरणार असेल तर मग ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्य-शूद्र ही जुनी कुजकी लेबलं कशाला हवीत? माणूस असा चार खणांत मावत नाही, हे त्यांनी प्लेटोचं उदाहरण घेऊन सांगितलं. बायकांचं काय करणार, त्यांनाही गुणानुसार वर्ण देणार की नवऱ्याचाच चिकटवणार, हेही विचारलं. आणि सगळ्यात जहरी मुद्दा असा की ही व्यवस्था माणसं आपखुशीने पाळत नाहीत, तिला दंडा लागतो, आणि तो दंडा म्हणजेच रामाच्या हातून झालेला शंबूकाचा वध. आता गंमत बघा. मेलुहाची पद्धत घालून देणारा कोण? राम. शंबूक कुठे आहे? कादंबरीच्या तीन भागांत मला तो दिसला नाही. ज्याचं मुंडकं उडवून व्यवस्था उभी राहिली त्याला गाळून व्यवस्थेचं गुणगान. पंधराव्या वर्षाची परीक्षा नापास झालेल्या पोराने सोळाव्या वर्षी काळा पट्टा काढून फेकला तर काय होतं, हे एकदा तरी दाखवायचं होतं ना राव!

मेलुहात 'विकर्म' म्हणून माणसं आहेत. गेल्या जन्माचं पाप ह्या जन्मी भोगणारी, ज्यांना शिवायचं नाही. शिवा सतीला शिवतो, तर सतीच म्हणते शुद्धी करून घे. सती विकर्म आहे, पण राजकन्या विकर्म! नीलकंठाचा जीव तिच्यावर जडतो, वाट मोकळी होते, आणि पुढे तो एका घोषणेत तो कायदाच रद्द करून टाकतो. विकर्मांनी सत्याग्रह केला नाही, परिषद भरवली नाही, तळ्यावर गेले नाहीत. देव आला आणि मोकळं करून गेला. मग कृतज्ञ होऊन त्यांची लढाईसाठी ब्रिगेड उभी राहते, पुढे होऊन मरायला. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही. महाडचं तळं १९२७ चं. तिथे कुठला नीलकंठ आला होता?

आणि नाग. दुसऱ्या भागात नाग म्हणजे विद्रूप जन्मलेले, तोंड झाकून हिंडणारे, टाकून दिलेले लोक. लेखकाला त्यांची दया आहे, पुढे त्यांची बाजूही घेतो, विद्रूपतेचं खापर सोमरसावर फोडतो. पण १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं ते सांगताना नाग लोकांनी बुद्धधम्म पसरवला हे सांगितलं होतं. ज्यांना आपण आपले पूर्वज मानतो ते ह्या पुस्तकात व्यंग घेऊन जन्मतात, आणि आपली पोरं ते चवीने वाचतात. पोरांना दोष देत नाही. दुसरं पुस्तक आपण त्यांच्या हातात कधी दिलं?

एन. के. जेमिसिन ह्या अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) ही कादंबरी मी ह्याच्या नंतर वाचली. ह्या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७, २०१८ असा ओळीने ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथेही माणसाच्या नावात तीन गोष्टी आहेत. स्वतःचं नाव, मग कामाची जात, मग गाव. जात हाच शब्द तिने वापरलाय. 'पाठबळ'वाले ओझी वाहायला, 'नेतृत्व'वाले राज्य करायला. आपल्याकडे पाटील-कुलकर्णी सांगितलं की जसा सगळा पत्ता कळतो तसंच. ह्या जातींच्याही खाली ओरोजीन म्हणजे भूकंप थोपवू शकणारी माणसं. जमीन सतत हादरणाऱ्या त्या खंडाला त्यांच्यावाचून जगता येत नाही, आणि त्यांना माणूसही मानत नाहीत. पहिल्या पानांतच एक बाप आपल्या तीन वर्षांच्या पोराला मारून टाकतो, पोरगं ओरोजीन निघालं म्हणून. पुढे एक ठिकाण येतं जिथे एका ओरोजीन मुलाची जाणीव मारून, खुर्चीला बांधून, नुसतं भूकंप दाबायचं यंत्र करून ठेवलेलं असतं. लोक वरती सुखाने झोपतात, खाली ते पोर. गटारात उतरणाऱ्या माणसावर शहर उभं असतं हे सांगायला मला दुसरं चित्र लागणार नाही. मैला सफाईबंदीचे कायदे १९९३ ला झाले, २०१३ ला झाले, आणि माणसं गटारात मरतातच आहेत.

पण एक ठिकाणी मी अडले. ओरोजीनांच्या अंगात खरोखरच शक्ती आहे. एखादा रागावला तर गाव गारठून मरू शकतं. म्हणजे लोक त्यांना भितात त्याला कारण आहे. आमच्या अंगात असं काय होतं? आमच्या सावलीने कुणाचं ताट बर्फ झालं नाही. आमच्याबद्दलचा किळस कुठल्याही शक्तीतून आला नाही, पोथीतून आला. अद्भुतकथेत दलितांचं रूपक करायला गेलं की लेखक त्यांना जादू देतो, आणि जादू दिली की जुलमाला अर्धं समर्थन मिळतं. जेमिसिन मोठी लेखिका आहे, तरी हा पेच तिलाही सुटला नाही असं मला वाटतं. आमच्यावर गोष्ट लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावं की विटाळाला कारण नव्हतं. कारणाशिवायचा द्वेष दाखवणं जास्त अवघड आहे.

ऑक्टेविया बटलरची 'किन्ड्रेड' १९७९ ची. ताजी नाही, पण मला ती ह्याच फेऱ्यात भेटली आणि ह्या सगळ्यांत ती मला सर्वांत जवळची. बटलरची आई लोकांच्या घरी धुणीभांडी करायची. ह्या कादंबरीतली डेना १९७६ मधली, कॅलिफोर्नियात राहणारी काळी लेखिका. घरात पुस्तकं लावत असते आणि एकदम फेकली जाते दीडशे वर्षं मागे, मेरीलँडच्या गुलामांच्या मळ्यावर. यंत्र नाही, बटण नाही, शास्त्रज्ञ नाही. कसं होतं ते लेखिका सांगतच नाही. मळ्याच्या गोऱ्या मालकाचा पोरगा रुफस जिवावर बेतलं की ती ओढली जाते, आणि त्याला वाचवणं तिला भाग आहे, कारण तोच तिचा पूर्वज. त्याने एका काळ्या बाईवर केलेल्या बळजोरीतून डेनाची पणजीची आई जन्मणार आहे. स्वतःच्या जन्मासाठी तिला त्या बाईच्या नासाडीची वाट बघावी लागते. आपल्याकडच्या किती घरांत अशी आजी आहे, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही!

गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात दुसऱ्या इतिहासाच्या बखरीचं एक फाटलेलं पान असतं. डेना शेवटची परत येते तेव्हा तिचा डावा हात भिंतीत राहून गेलेला असतो. भूतकाळात सहल कुणाची असते आणि कुणाला तिथे ठेवून घेतलं जातं, ह्यावर मी आणखी काय लिहू?

ही कादंबरी आम्ही धुळ्यात सात-आठ जणींनी चार रविवार मिळून वाचली. एकीने इंग्रजी वाचायचं, मी मराठीत सांगायचं, आणि बाकीच्यांनी मध्येच अहिराणीत शिव्या घालायच्या, रुफसला. एक जण म्हणाली, आपल्याला मागे जायला वेळ-यंत्र कशाला, एसटीने गावी जा. सगळ्या हसल्या आणि मग कुणीच बोललं नाही.

तिथेच मला बाबासाहेबांची चाळीसगावची हकिगत आठवली. १९२९ साल. सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशच्या दौऱ्यावर होते. चाळीसगाव स्टेशनवरून महारवाडा जवळच, पण आपल्या लोकांना साहेबांना चालवत न्यायचं नव्हतं. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. मग तोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. हाकायला बसला तो ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक भाऊ. मोरीच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, घोडा-टांगा खाली नदीत. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, त्याच्यापेक्षा साधा टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, असं त्यांनी पुढे लिहिलं. मराठी विज्ञानकथेतलं प्रत्येक वाहन आज्ञाधारक असतं. यान सुटतं, यंत्र चालतं, वेळेत पोचतं. चाळीसगावचा टांगा सगळ्यांना घेत नाही. यंत्र आहे, पैसे आहेत, रस्ता आहे, आणि हाकणारा खाली उतरतो. ह्या एका टांग्यावर आपली विज्ञानकथा सुरू होऊ शकते.

आता वादाचं पुस्तक. श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकराची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३), सर्वोत्तम कादंबरीचा नेब्युला मिळालेली. नायकाचं नाव फेटर, म्हणजे बेडी, बंधन. राहुल ह्या नावाचा अर्थ आपल्याकडे तसाच सांगतात, आणि खूण तीच आहे. त्याचा बाप घर सोडून गेलेला, लाखो अनुयायी असलेला, 'परिपूर्ण आणि दयाळू' म्हणवणारा महापुरुष. आई पोराला बापाचा खून करण्यासाठी वाढवते. आमच्यातल्या एकाने एवढं ऐकूनच सांगितलं, ताई, हे पुस्तक आपल्या वस्तीत आणू नका.

मी आणलं. कारण पुस्तक तथागतावर नाही, त्याच्या नावाने सत्ता करणाऱ्यांवर आहे. त्या नगरात माणसांच्या जातींची आणि वंशांची सरकारी दफ्तरं आहेत, छावण्या आहेत, धर्माच्या नावाने जाळपोळ आहे. श्रीलंकेत जुलै १९८३ ला तमिळांची कत्तल झाली, आणि तिथल्या सियाम निकायात आजही उच्च गोविगम जातीखेरीज भिक्खू होता येत नाही, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. कथा बदलून सांगायची भीती आपल्याला वाटू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ह्या चार दृश्यांची गोष्ट पटत नाही म्हणून बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाचं कारण म्हणून पुढे आणला. पाण्याचा तंटा! ज्याने चवदार तळं पाहिलं तोच हे कारण ओळखू शकतो. मात्र एक सांगते. चंद्रसेकराच्या देशात बुद्धाचं नाव राज्यकर्त्याच्या तोंडी आहे, आपल्या देशात ते वस्तीच्या तोंडी आहे. त्याचा राग त्याच्या गावात खरा आहे, तो तसाच्या तसा उचलून इथे आणला तर खोटा होईल. फेटरच्या आईने जन्मताच खिळ्याने त्याची सावली तोडून टाकलेली असते, म्हणून तो जमिनीवर नीट टेकत नाही, तरंगतो. सिंहली लेखकाच्या मनात काय होतं ते त्याचं तो जाणे. ज्यांच्या पूर्वजांना लांब सावल्यांच्या वेळी पुण्यात शिरायला बंदी होती त्यांनी हे पान वाचलं तर त्यात निराळंच दिसतं.

चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ साली जातीविरोधी विज्ञान-अद्भुतकथांचा एक इंग्रजी संग्रह काढला. वेगवेगळ्या भाषांतलं लेखन एका पुठ्ठ्यात. सगळं सारखं जमलेलं नाही, काही कथा नुसत्या घोषणा वाटल्या, आणि घोषणा तर आपण मोर्चात जास्त चांगल्या देतो. पण दार उघडलं आहे. बंगालची मिमी मोंडल ही दलित लेखिका ह्याच क्षेत्रात आहे. बटलरवरच्या पत्र-लेखांचं पुस्तक तिने दुसऱ्या संपादिकेबरोबर केलं, त्याला २०१८ साली लोकस पुरस्कार मिळाला. आणि हे दार काही परक्यांनीच उघडलं असंही नाही. संत रविदासांनी दुःख नसलेलं, कर नसलेलं बेगमपुरा शहर पाचशे वर्षांमागे कल्पिलं. जोतीरावांनी १८९१ च्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एक कुटुंब कल्पिलं, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली गोडीने राहतात. १८९१! मंगळावर वस्ती करण्यापेक्षा हे अवघड आहे. आजच्या महाराष्ट्रात असं घर भाड्याने बघून दाखवा.

लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर ३१ जुलैला आपण जमतो, बाबासाहेब १९३७ साली तिथे राहिले होते म्हणून. तिथे पुस्तकांची दुकानं लागतात. चरित्रं मिळतात, भाषणं मिळतात, गाण्यांच्या वह्या मिळतात. येत्या वर्षी तिथे 'किन्ड्रेड'ची पहिली दोन प्रकरणं मराठीत करून ठेवायची असं आमचं चाललंय, आधी परवानगी मिळाली पाहिजे. अडचण एका शब्दाची आहे. डेनाला ओढून नेलं जातं त्या क्रियेला आम्हाला अजून शब्द सापडलेला नाही. 'कालप्रवास' म्हटलं की तिकीट काढून गेल्यासारखं वाटतं. एका म्हाताऱ्या मावशीने 'वेठीला धरून नेलं' सुचवलंय. तूर्त तेच ठेवलंय, कुणाला ह्याहून बरं सुचलं तर पोस्टकार्ड टाकावं.